युरोलीग बास्केटबॉलचा हंगाम भारतात बसून कसा पाहायचा: ऑक्टोबर ते मे, पायरीपायरीने

बेलग्रेडच्या किंवा अथेन्सच्या प्रेक्षकांचा एखादा व्हिडिओ कुणीतरी पाठवतं. अख्खं स्टेडियम उभं राहून गातंय, कोर्टवर खेळाडूंना एकमेकांचं ऐकू येत नाहीये. आपण ठरवतो की यंदा हे पाहायचंच, आणि पहिल्याच आठवड्यात गाडी अडते. चॅम्पियन्स लीग बघायची की युरोलीग? रेआल माद्रिद म्हणजे फुटबॉलवालेच का? सामना गुरुवारचा, मग मोबाइल शुक्रवार का दाखवतोय? आणि सामना हातातून गेलेला असताना तो कोच शेवटच्या दहा सेकंदांसाठी टाइमआउट का घेतोय?

हा लेख या प्रश्नांसाठी आहे. तुम्ही एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, पाहत असाल तर थोडं विसरावं लागेल. काहीच पाहत नसाल तर उलट सोपं जाईल.

आधी जमवायच्या गोष्टी

- युरोलीगचं अधिकृत अ‍ॅप किंवा संकेतस्थळ. वेळापत्रक, गुणतक्ता आणि प्रत्येक सामन्याची आकडेवारी तिथे फुकट मिळते.
- सामने पाहण्याची सोय. स्पर्धेची स्वतःची पैसे भरून घ्यायची स्ट्रीमिंग सेवा आहे, युरोलीग टीव्ही. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून कुठेही पैसे भरण्याआधी भारतातून काय दिसतं ते त्या हंगामापुरतं तपासा. आधी सगळ्यात छोट्या मुदतीचा पास घ्या, अख्ख्या हंगामाचा नंतर.
- यूट्यूबवरचं अधिकृत चॅनल, झलकांसाठी.
- एक वही. हसू नका, पाचव्या पायरीवर लागणार आहे.

1. योग्य स्पर्धा धरा

युरोपातल्या क्लब बास्केटबॉलची सर्वोच्च स्पर्धा म्हणजे युरोलीग. नव्या माणसाची इथे हमखास फसगत होते, कारण फुटबॉलमुळे ‘चॅम्पियन्स लीग’ हे नाव डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बास्केटबॉलमध्येही चॅम्पियन्स लीग आहे, पण ती फिबाची (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेची), 2016 मध्ये सुरू झालेली वेगळी स्पर्धा आहे, आणि सगळ्यात तगडे क्लब तिच्यात खेळत नाहीत. युरोकप ही युरोलीगच्याच संस्थेची दुसऱ्या पातळीवरची स्पर्धा. युरोबास्केट तर देशांच्या संघांची.

हा गोंधळ उगाच झालेला नाही. 1958 पासून युरोपचा क्लब चषक फिबाच भरवत होती. 2000 मध्ये मोठ्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि 2000-01 च्या हंगामात युरोपला चक्क दोन विजेते मिळाले: क्लबांच्या स्पर्धेत बोलोन्याचा किंडर, फिबाच्या स्पर्धेत तेल अवीवचा मकाबी. पुढच्या वर्षी सगळे पुन्हा एका स्पर्धेत आले, पण दोन संस्थांमधली ओढाताण संपली नाही.

फुटबॉलसारखी बढती आणि घसरणही इथे शोधू नका. मोठ्या क्लबांकडे दीर्घ मुदतीचे परवाने असतात. ते तळाला गेले तरी पुढच्या वर्षी हजर. बाकीच्या थोड्या जागा युरोकपचा विजेता आणि निमंत्रित क्लब यांच्या वाट्याला येतात. हे मला आजही खटकतं, पण खेळाचा दर्जा टिकतो तो यामुळेच, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत.

2. संघाआधी घड्याळ ठरवा

बहुतेक जण आधी संघ निवडतात आणि डिसेंबरपर्यंत झोपेपुढे हार मानतात. तुम्ही उलट करा.

हिवाळ्यात स्पेन, इटली, फ्रान्स, जर्मनी, सर्बिया आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. ग्रीस आणि लिथुआनिया साडेतीन तास. तुर्कस्तान घड्याळ बदलत नाही, त्यामुळे इस्तंबूल बारा महिने अडीच तास मागे. दुबई फक्त दीड तास. हिशेब असा बसतो:

- माद्रिदमध्ये रात्री 8:45 ला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे 1:15 ला.
- अथेन्सला रात्री 9:15 चा सामना 12:45 ला.
- लिथुआनियातल्या कौनासला रात्री 8 चा सामना 11:30 ला.
- इस्तंबूलला रात्री 8:45 चा सामना 11:15 ला.
- दुबईत रात्री 8 चा सामना 9:30 ला, म्हणजे जेवणं उरकता उरकता.

सामना साधारण दोन तास चालतो. सकाळी ऑफिस असेल तर माद्रिदचा नाद करू नका, निदान घरच्या सामन्यांपुरता. झाल्गिरिस कौनास किंवा फेनरबाहचे हे नोकरदार माणसाला झेपणारे संघ आहेत.

इथे दोन सापळे आहेत. पहिला तारखेचा: माद्रिदचा गुरुवारचा सामना आपल्या कॅलेंडरात शुक्रवारी पहाटे पडतो. अ‍ॅपमध्ये वेळ कुठली दिसतेय, युरोपची की फोनची, हे आधी बघून घ्या. दुसरा घड्याळबदलाचा: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे. हंगाम सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झालेले असतात, आपल्याला सवय लागलेली असते, आणि अचानक सामना तासभर उशिरा सुरू होतो. इस्तंबूल आणि दुबई मात्र आहे तिथेच.

रात्री जागायचं नसेल आणि सकाळी पूर्ण सामना पाहायचा असेल तर यूट्यूबपासून लांब राहा. झलकेच्या शीर्षकातच निकाल असतो.

3. मग संघ

फुटबॉलमुळे ओळखीची वाटणारी नावं खूप आहेत: रेआल माद्रिद, बार्सिलोना, बायर्न म्युनिक, फेनरबाहचे, ऑलिंपियाकोस, पानाथिनाइकोस, पार्टिझान. क्लब तेच, विभाग वेगळा. नुसतं नाव टाकून शोधलंत तर फुटबॉलच समोर येईल, सोबत ‘बास्केट’ जोडा.

नावांमध्ये प्रायोजकही घुसलेले असतात. मिलानच्या नावात अरमानी आहे. इस्तंबूलचा एफेस पूर्वी एफेस पिल्सन होता. दारूच्या जाहिरातींवरच्या निर्बंधांमुळे 2011 मध्ये तो अनाडोलू एफेस झाला. जुने निकाल चाळताना बास्कोनिया तर तीन-चार नावांनी सापडतो. संघ शहरावरून ओळखायची सवय लावा.

माझी शिफारस विचाराल तर पहिल्या हंगामाला कौनास. लिथुआनियात बास्केटबॉल हाच पहिला खेळ आहे, झाल्गिरिसचं मैदान जवळजवळ नेहमी भरलेलं असतं, आणि तुलनेने कमी पैशांत हा क्लब श्रीमंतांना घाम फोडतो. आरडाओरडा हवा असेल तर बेलग्रेडचे दोघे, पार्टिझान आणि त्सर्वेना झ्वेज्दा. ग्रीक वैर पाहायचं असेल तर ऑलिंपियाकोस आणि पानाथिनाइकोस. हे वैर किती खोल आहे ते एका नावावरून कळतं. कोस्तास स्लूकास 2023 च्या उन्हाळ्यात ऑलिंपियाकोस सोडून थेट पानाथिनाइकोसला गेला आणि पुढच्याच मे महिन्यात बर्लिनला रेआल माद्रिदला 95-80 असं हरवून युरोलीग जिंकला. फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच. ऑलिंपियाकोसच्या घरी, पिरेयसमध्ये, त्याचं स्वागत आता कसं होतं ते ऐकण्यासाठी तरी हा सामना जागून पाहा.

दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी 2025-26 पासून घरचाच संघ स्पर्धेत आला आहे, दुबई बास्केटबॉल.

खेळाडूवर जीव लावताना मात्र जपून. बरेच करार एक-दोन वर्षांचे असतात. फेनरबाहचेला 2025 चं जेतेपद मिळवून देणारा नायजेल हेस-डेव्हिस त्याच उन्हाळ्यात एनबीएत फिनिक्सला गेला. दरवर्षी सप्टेंबरात संघाची यादी नव्याने वाचावी लागते.

4. नियम: शाळेत खेळला असाल तर निम्मं काम झालं

आपल्याकडे शालेय आणि राज्य स्पर्धा फिबाच्या नियमांनी होतात. युरोलीगही मुळात त्याच नियमांवर उभी आहे. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, थ्री पॉइंटची रेषा 6.75 मीटरवर. नागपाड्यात किंवा नागपुरात खेळून मोठे झालेल्यांना इथे शिकण्यासारखं फार नाही.

एनबीएवाल्यांसाठी: तिकडे 48 मिनिटं आणि सहा फाऊल, इकडे 40 मिनिटं आणि पाच. त्यामुळे मुख्य सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाऊल लागले तर कोच त्याला लगेच बसवतो. तो दुखावलेला नसतो. बचाव करणारा उंच खेळाडू बास्केटखाली कितीही वेळ उभा राहू शकतो, म्हणून आत घुसायला जागाच नसते. आणि चेंडू रिंगला लागला की तो रिंगवर असतानाही कुणीही टोलवू शकतं. 80-75 सारखे निकाल दिसतात ते यामुळे. खेळ संथ वाटला तर चेंडूकडे पाहू नका, चेंडू नसलेल्या चौघांकडे पाहा.

आकडेवारीत एक पीआयआर नावाचा रकाना दिसेल. गुण, रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), असिस्ट (बास्केट घडवणारे पास), स्टील (हिसकावलेले चेंडू), ब्लॉक (अडवलेले फटके) आणि मिळवलेले फाऊल यांच्या बेरजेतून हुकलेले फटके, गमावलेले चेंडू, स्वतःचे अडवले गेलेले फटके आणि केलेले फाऊल वजा. भाष्यकार त्याला फार मान देतात. मी देत नाही. बचावात समोरच्याला नामोहरम करणारा माणूस त्यात दिसतच नाही.

5. गुणतक्ता दोनदा वाचा

हा भाग घाईत वाचू नका. अख्ख्या हंगामाची चव इथे आहे.

प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा घरी आणि एकदा बाहेर. 2024-25 मध्ये 18 संघ होते, म्हणजे 34 फेऱ्या. 2025-26 मध्ये 20 संघ झाले, म्हणजे 38. बरोबरी नसते; समान गुण झाले तर पाच मिनिटांचा जादा डाव. तक्त्यात फक्त जिंकले आणि हरले एवढंच मोजतात.

इतकं दिसतं. खरी गंमत दिसत नाही. दोन संघांचे विजय सारखे झाले तर आधी त्या दोघांमधले सामने पाहतात, आणि दोघांनी एकेक जिंकला असेल तर त्या दोन सामन्यांतला मिळून गुणफरक. आयपीएलच्या नेट रनरेटसारखा अख्ख्या स्पर्धेचा हिशेब इथे आधी लागत नाही. दोनपेक्षा जास्त संघ अडकले तर फक्त त्यांच्यातल्या सामन्यांचा छोटा तक्ता मांडतात. तक्त्याच्या मध्यावर इतकी दाटी असते की एप्रिलमध्ये हे गणित हमखास लागतं.

समजा, एक संघ ऑक्टोबरात घरी 12 गुणांनी जिंकला. फेब्रुवारीत परतीचा सामना आहे. वीस सेकंद उरलीत आणि तो 14 गुणांनी मागे आहे. जिंकणं अशक्य. तरी कोच टाइमआउट घेतो, पाटी काढतो, थ्री पॉइंटरची चाल आखतो. कारण तो एक फटका पडला की हार 11 ची होते आणि दोघांमधला फरक त्याच्या बाजूने राहतो. एप्रिलमध्ये दोघांचे विजय सारखे झाले तर तो वर, दुसरा खाली. वर राहिलेला सहावा असेल आणि खालचा सातवा, तर एकाला थेट प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, आणि दुसऱ्याला प्ले-इनची (त्या फेरीत शिरण्यासाठीच्या जादा सामन्यांची) टांगती तलवार.

उलट बाजूही लक्षात घ्या. पुढे असलेला संघ शेवटची सेकंदं चेंडू हातात धरून घालवत नाही, बास्केट मारतो. एनबीएच्या सवयीने हे उद्धटपणाचं वाटेल. इथे त्याला कुणी नावं ठेवत नाही.

वही यासाठी. तुमच्या संघाच्या प्रत्येक सामन्यासमोर फरक लिहून ठेवा: झ्वेज्दा +7, मोनॅको -3, असं. परतीच्या सामन्याच्या आधी ते पान उघडा. सामना आपोआप दुप्पट रंगतो, कारण तुम्ही दोन धावफलक पाहत असता.

एक इशारा: जुन्या हंगामांच्या तक्त्यात अधूनमधून विचित्र आकडे भेटतात. 2021-22 मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर तिन्ही रशियन क्लब स्पर्धेतून काढले गेले आणि त्यांचे निकाल रद्द झाले. 2019-20 चा हंगाम कोविडमुळे विजेत्याविना संपला.

6. आठवडा आखून घ्या

सामने साधारणपणे गुरुवार-शुक्रवारी. काही आठवडे दुहेरी फेरीचे असतात. मग मंगळवार-बुधवारही त्यात येतात आणि एकच संघ तीन दिवसांत दोनदा खेळतो, कधी दोन वेगळ्या देशांत. शनिवार-रविवारी हेच संघ आपापल्या देशाची लीग खेळतात. दुहेरी फेरीतला दुसरा सामना पाहायला निवडू नका, निदान नवखे असताना. दमलेले पाय पाहून तुमचं मत उगाच वाईट होईल.

देशी लीगमध्ये एखादा तारा खेळला नाही म्हणून घाबरू नका. ग्रीस, तुर्कस्तानसारख्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा असते, युरोलीगमध्ये नसते. त्यामुळे कुणाला तरी रविवारी घरी बसावंच लागतं.

सगळे सामने पाहायचा संकल्प सोडा. आठवड्याला तुमच्या संघाचा एक पूर्ण सामना आणि बाकीच्यांच्या झलका, एवढं पुरे.

7. एप्रिल आणि मे: बाद फेरीची उतरंड

पहिले सहा संघ थेट प्लेऑफमध्ये. सातवा ते दहावा प्ले-इन खेळतात. ही पद्धत 2023-24 पासून आली. सातवा विरुद्ध आठवा, जिंकेल तो सातव्या जागी पुढे. नववा विरुद्ध दहावा, हरेल तो घरी. मग पहिल्या सामन्यात हरलेला आणि दुसऱ्यात जिंकलेला समोरासमोर, शेवटच्या जागेसाठी. म्हणजे सातव्या-आठव्याला एक हार परवडते, नवव्या-दहाव्याला एकही नाही.

प्लेऑफ पाच सामन्यांचं, तीन जिंकणारा पुढे. वरच्या क्रमांकाच्या संघाकडे पहिले दोन आणि गरज पडली तर पाचवा. चार विजेते एका शहरात जमतात: शुक्रवारी उपांत्य सामने, रविवारी अंतिम. हा फायनल फोर. तिथे मालिका नाही, एकच सामना, आणि आठ महिन्यांचा हिशेब चाळीस मिनिटांत उलटतो.

2024-25 चा हंगाम सरावासाठी घ्या. ऑलिंपियाकोस 24 विजय आणि 10 पराभवांसह अव्वल. आदल्या वर्षीचा उपविजेता रेआल माद्रिद चक्क प्ले-इनमध्ये. तिथे त्याला हरवलं पॅरिसने, जो पहिल्यांदाच युरोलीग खेळत होता. माद्रिदने मग बायर्नला बाद करून शेवटची जागा मिळवली. प्लेऑफमध्ये ऑलिंपियाकोसने माद्रिदला 3-1 ने आणि फेनरबाहचेने पॅरिसला 3-0 ने हरवलं. पानाथिनाइकोस आणि मोनॅको पाचव्या सामन्यात निसटले. फायनल फोर अबू धाबीला. दोन ग्रीक संघ, अंतिम सामन्यात समोरासमोर येण्याची स्वप्नं, आणि शुक्रवारी दोघेही हरले. रविवारी, 25 मे रोजी, फेनरबाहचेने मोनॅकोला 81-70 असं हरवलं. अव्वल संघाच्या हाती चषक आला नाही.

जुने सामने शोधत असाल तर 2023 चा कौनासचा अंतिम सामना आधी पाहा: माद्रिद 79, ऑलिंपियाकोस 78, आणि शेवटच्या क्षणी माद्रिदच्या सर्हिओ युलचा, समोरच्याच्या उंचावलेल्या हातावरून टाकलेला फटका. त्याच वर्षी माद्रिद प्लेऑफमध्ये पार्टिझानविरुद्ध 0-2 असा मागे होता, हे ध्यानात ठेवून पाहा.

8. प्रत्यक्ष जायचं असेल तर

युरोपात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी लोकांसाठी हे सोपं आहे. म्युनिकला असाल तर बायर्न 2024 पासून नव्या एसएपी गार्डनमध्ये खेळतो. भारतातून सहलीला जोडून जाणार असाल तर कागद असे:

- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावा लागतो. त्यासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवास विमाही लागतो.
- बेलग्रेड, इस्तंबूल, तेल अवीव, दुबई ही शहरं शेंगेनबाहेर आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळे, त्या देशाच्या दूतावासाच्या पानावरच तपासा.
- तिकीट क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. ते मोबाइलवर असेल तर आधीच उघडून ठेवा. हजारो लोकांच्या गर्दीत इंटरनेट रडतं.
- फोटो असलेलं ओळखपत्र, आणि बॅग शक्य तितकी लहान.

विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या फेरीचा नेमका दिवस जाहीर झालाय का ते पाहा. गुरुवार की शुक्रवार एवढ्यानेही परतीचं विमान चुकतं. मैदानही बदलू शकतं: ऑक्टोबर 2023 नंतर बराच काळ मकाबी तेल अवीवने घरचे सामने बेलग्रेडला खेळले.

पहिला सामना म्हणून ग्रीक किंवा बेलग्रेडचा डर्बी, म्हणजे कट्टर वैऱ्यांमधला सामना, निवडू नका. तिकीट मिळणं अवघड, आणि मिळालं तरी मैदान फार तापलेलं असतं. पाहुण्या संघाच्या रंगाचा शर्ट तर कुठेच नको. मोनॅकोचं मैदान फुटबॉल स्टेडियमच्या पोटात आहे आणि अगदी लहान, तिथे खेळ जवळून दिसतो. आवाज ऐकायला कौनास.

फायनल फोरची तिकिटं बहुधा चार संघ ठरण्याआधीच विकायला निघतात. तुमचा संघ पोहोचेल या भरवशावर घेणार असाल तर तो नाही पोहोचला तरी जायची तयारी ठेवा. नाहीतर प्लेऑफ संपेपर्यंत थांबा. हरलेल्या संघांचे पाठीराखे तेव्हा तिकिटं विकून टाकतात. ती घेतानाही अधिकृत पुनर्विक्रीच्या खिडकीतूनच घ्या, समाजमाध्यमांवरच्या अनोळखी माणसाकडून नाही.